उबदार काँक्रीटवरील लाकडी जमीन

काश्मीरमधील जुन्या घरांत व मशिदींत ‘हमाम’ या नावाची एक खोली आढळते. तिची जमीन घोटीव दगडी लाद्यांची असून त्या लाद्यांखाली पोकळी ठेवलेली असते. बाहेरच्या बाजूस असलेल्या तोंडातून त्या पोकळीत लाकडे पेटवितात. दगड हळूहळू तापतो आणि विस्तव विझल्यानंतरही कित्येक तास ऊब देत राहतो. बाहेर बर्फ पडत असताना घरातील वृद्ध माणसे त्या जमिनीवर पाय पसरून बसतात. खोलीत शेगडी नसते, धूर नसतो. सारी ऊब पायांखालून येते.

थंड प्रदेशांतील आधुनिक घरांतून हीच कल्पना निराळ्या स्वरूपात वापरली जाते. दगडी लाद्यांच्या जागी काँक्रीटचा स्लॅब असतो आणि विस्तवाऐवजी त्या स्लॅबमध्ये पुरलेल्या नळ्यांतून कोमट पाणी फिरत असते. येथवर सारे सोपे आहे. अडचण पुढे येते. राहणाऱ्यांना पायांखाली उघडे काँक्रीट नको असते. त्यांना लाकडाची, निदान लाकडासारखी दिसणारी जमीन हवी असते. परंतु लाकूड हे उष्णतेचे मंद वाहक आहे आणि हवेतील ओलाव्याप्रमाणे ते फुगते व आकसते. म्हणजे उष्णता वर पोचविण्याचे काम ज्याच्यावर सोपवावयाचे, तोच पदार्थ तिला अडविणारा. आणि उष्णतेने ज्याचे रूप बिघडते, तोच तिच्या वाटेवर अंथरावयाचा! ही विसंगती ज्ञानपूर्वक सोडविता येते. अज्ञानाने तिच्याकडे दुर्लक्ष केल्यास मात्र फळ्यांमध्ये फटी पडतात, त्या वाकतात, इंधन वाया जाते आणि खोली थंडच राहते. चूक स्लॅबच्या पोटात राहिली असेल, तर ती दुरुस्त करण्यासाठी सारी जमीन उखडावी लागते. म्हणून या कामामागील शास्त्र आरंभीच समजून घेणे अगत्याचे आहे.

१. पायांखालच्या उबेचा इतिहास

प्राचीन रोमन लोक आपल्या स्नानगृहांची जमीन विटांच्या ठेंगण्या खांबांवर उभारीत आणि खालच्या पोकळीतून भट्टीतील तप्त वायू खेळवीत. हे खांब दोन फूट उंचीचे असावेत, असे रोमन वास्तुशास्त्रज्ञ व्हिट्रुव्हियस याने आपल्या ग्रंथात सांगितले आहे.

कोरियातील ‘ओंडोल’ ही पद्धत याच जातीची, परंतु ती सामान्य माणसाच्या घरात रुजली आणि आजतागायत टिकली. स्वयंपाकाच्या चुलीतील धूर व तप्त वायू शेजारच्या खोलीच्या जमिनीखालील वाटांतून नेऊन पलीकडच्या धुराड्यातून बाहेर सोडीत. या वाटांवर दगडी लाद्या, त्यांवर मातीचा लेप आणि सर्वांत वर तेल पाजलेला कागद अशी जमिनीची रचना असे. विसाव्या शतकात लाकडाची जागा कोळशाच्या वड्यांनी घेतली, तेव्हा या पद्धतीतील एक भयंकर दोष उघड झाला. कोळशाच्या अपुऱ्या ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निर्माण होतो. त्यास रंग नाही, वास नाही. जमिनीच्या लेपाला बारीकशी चीर पडली, तरी तो झोपलेल्या माणसांच्या खोलीत शिरे. असे कितीतरी जीव गेले. जमिनीखालून वायूऐवजी गरम पाण्याच्या नळ्या नेण्याची पद्धत कोरियात सर्वत्र पसरली, तिच्यामागे सोयीइतकेच हे दुःखही होते.

अमेरिकेतील विख्यात वास्तुशिल्पी फ्रँक लॉइड राइट हे टोकियोतील इंपीरियल हॉटेलच्या कामानिमित्त जपानमध्ये गेले असताना, एका यजमानाच्या घरी कोरियन पद्धतीच्या उबदार खोलीत बसण्याचा योग त्यांना आला. त्या अनुभवाचा त्यांच्या मनावर खोल ठसा उमटला. पुढे १९३६-३७ मध्ये विस्कॉन्सिन राज्यातील मॅडिसन या शहरी त्यांनी जेकब्स कुटुंबासाठी लहानसे घर बांधले, तेव्हा काँक्रीटच्या जमिनीखाली नळ्या घालून ते उबदार केले. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ पासून, न्यूयॉर्कजवळील लेव्हिटटाउन या वसाहतीत हजारो घरे बांधण्यात आली. त्यांच्या काँक्रीटच्या स्लॅबमध्ये तांब्याच्या नळ्या पुरलेल्या होत्या. कालांतराने त्यांतील अनेक घरांच्या नळ्या गळू लागल्या. पुरलेली नळी शोधणे आणि दुरुस्त करणे किती जिकिरीचे असते, याचा धडा त्यातून मिळाला. आज बहुधा धातूऐवजी रेणूंची परस्परांत गुंफण केलेल्या पॉलिएथिलीनच्या लवचीक नळ्या वापरतात. त्या गंजत नाहीत आणि वळणावर सांधा न देता एकसंध अंथरता येतात.

या साऱ्या इतिहासात एक गोष्ट ध्यानी घेण्यासारखी आहे. काश्मीरमध्ये उघडा दगड, कोरियात पातळ कागद, राइट यांच्या घरात रंगविलेले उघडे काँक्रीट! जमिनीतून ऊब घेणाऱ्या लोकांनी तिच्यावरचे आच्छादन नेहमी पातळ ठेविले. उष्णतावाहकतेचे गणित त्यांनी मांडले नसेल. परंतु त्याचे उत्तर अनुभवाने त्यांच्या हाती आले होते.

२. उष्णतेचा मार्ग

उष्णता तीन प्रकारे प्रवास करते : वहनाने, अभिसरणाने आणि प्रारणाने. नळीतील पाण्याची उष्णता काँक्रीटमधून आणि वरच्या आच्छादनातून वहनाने पृष्ठभागापर्यंत पोचते. तेथून तिचा मोठा भाग प्रारणाने भिंतींकडे, वस्तूंकडे व माणसांकडे जातो आणि उरलेला भाग हवेच्या अभिसरणाने खोलीत पसरतो.

पृष्ठभाग किती तापवावा? तळव्यांना सुखावह वाटेल आणि आरोग्यास बाधक होणार नाही अशी मर्यादा युरोपीय मानकाने (ई.एन. १२६४) बसण्या-उठण्याच्या जागेसाठी २९° से. अशी ठरविली आहे. लाकडाच्या जमिनीसाठी अनेक उत्पादक याहून खालची, म्हणजे सुमारे २७° से. ही मर्यादा सांगतात. खोलीचे तापमान २०° असेल आणि जमिनीचे २९°, तर दर चौरस मीटरमागे सुमारे १०० वॉट उष्णता खोलीत येते. जमिनीचे तापमान २७° ठेविले, तर हे प्रमाण सुमारे ७५ वॉटवर येते. म्हणजे चार मीटर रुंद व पाच मीटर लांब खोलीस दीड किलोवॉट उष्णता मिळेल. घराच्या भिंती व छप्पर यांतून याहून अधिक उष्णता बाहेर जात असेल, तर लाकडी जमिनीने ती खोली पुरेशी उबदार होणार नाही. हा हिशेब फळ्या विकत घेण्यापूर्वी करावयाचा असतो.

आता आच्छादनाचा विचार करू. एखाद्या थरातून उष्णता जाताना त्याच्या दोन्ही बाजूंच्या तापमानांत फरक पडतो. थर जितका जाड आणि त्याची वाहकता जितकी कमी, तितका हा फरक मोठा. थराची मीटरमधील जाडी भागिले पदार्थाची उष्णतावाहकता, या भागाकारास उष्णतारोध म्हणतात. उष्णतारोधास दर चौरस मीटरमधून जाणाऱ्या वॉटनी गुणिले की तापमानातील फरक मिळतो. काँक्रीटची वाहकता सुमारे १.५, ओक लाकडाची ०.१७, व्हिनाइलची ०.२ आणि फेसाळ प्लास्टिकची ०.०४ च्या आसपास असते. या आकड्यांवरून दर चौरस मीटरला ७५ वॉट उष्णता जात असताना पडणारा फरक पुढीलप्रमाणे निघतो :

चिनी मातीची लादी, जाडी १० मि.मी. : रोध सुमारे ०.०१, फरक १° पेक्षा कमी.
व्हिनाइलची फळी, जाडी ५ मि.मी. : रोध ०.०२५, फरक सुमारे २°.
ओकची फळी, जाडी १५ मि.मी. : रोध ०.०९, फरक सुमारे ७°.
लॅमिनेटची ८ मि.मी. जाडीची फळी व तिच्याखाली ३ मि.मी. फेसाळ प्लास्टिक : रोध ०.१३, फरक सुमारे १०°.
लोकरी गालिचा, जाडी १० मि.मी. : रोध ०.१७; फरक सुमारे १३°.

पृष्ठभाग २७° से. ठेवावयाचा असेल, तर ओकच्या फळीखाली काँक्रीट ३४° आणि लॅमिनेटखाली ३७° असावे लागेल. लॅमिनेटची फळी ओकहून पातळ असूनही तिच्याखालील काँक्रीट अधिक तापवावे लागते, हे वाचकांच्या ध्यानी आले असेल. त्यास कारण फळी नसून तिच्याखालचा मऊ फेसाळ थर आहे. पाऊल मऊ पडावे, आवाज होऊ नये, म्हणून अंथरलेला हा थर उष्णतेची वाट अडवितो. आच्छादनाचा एकूण रोध ०.१५ पेक्षा अधिक असू नये, असा संकेत आहे. वरील जमिनीवर गालिचा अंथरला, तर रोध ०.३० होतो, म्हणजे संकेताच्या दुप्पट. अशा घरात पाणी कितीही तापविले, तरी उष्णता वर येण्याऐवजी खाली मातीकडे व बाजूंना जाऊ लागते.

३. लाकूड आणि हवेतील ओलावा

लाकूड कितीही जुने झाले तरी ते भोवतालच्या हवेशी ओलाव्याची देवघेव करीत असते. हवेच्या प्रत्येक सापेक्ष आर्द्रतेस लाकडातील ओलाव्याचे एक ठराविक प्रमाण जुळते. त्यास समतोल ओलावा म्हणतात. सुमारे २०° से. तापमानास हवेची सापेक्ष आर्द्रता ६० टक्के असेल, तर लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या ११ टक्के ओलावा राहतो. आर्द्रता ३० टक्क्यांवर उतरली की हे प्रमाण ६ टक्क्यांपर्यंत येते.

थंडीच्या दिवसांत घरातील हवा कोरडी का होते? बाहेरची ०° से. तापमानाची हवा बाष्पाने पूर्ण संपृक्त असली, तरी तिच्यातील बाष्प मुळात थोडे असते. तीच हवा घरात येऊन २०° पर्यंत तापली की तिची बाष्प धारण करण्याची शक्ती जवळजवळ चौपट होते आणि सापेक्ष आर्द्रता सुमारे २६ टक्क्यांवर येते. म्हणजे कोणत्याही पद्धतीने घर तापविले तरी हिवाळ्यात लाकूड सुकतेच. जमीन खालून तापविली, तर तिला ही कोरड इतर लाकडी सामानाहून अधिक सोसावी लागते. कारण सर्वांत उष्ण भाग तिचाच असतो.

सुकताना लाकूड सर्व दिशांनी सारखे आकसत नाही. धाग्यांच्या दिशेने, म्हणजे फळीच्या लांबीत, पडणारा फरक नगण्य असतो. वार्षिक वलयांना छेदून, त्रिज्येच्या दिशेने, तो बेताचा असतो. वलयांच्या स्पर्शरेषेच्या दिशेने तो सर्वांत अधिक असतो. मॅडिसन या शहरीच, जेथे राइट यांनी ते घर बांधले, अमेरिकेच्या वनखात्याची काष्ठ-प्रयोगशाळा १९१० पासून काम करीत आली आहे. तिच्या हस्तपुस्तिकेत निरनिराळ्या लाकडांच्या आकुंचनाचे गुणांक दिलेले आहेत. त्यांनुसार ओलावा एका टक्क्याने कमी झाला असता लाल ओक स्पर्शरेषेच्या दिशेने सुमारे ०.३७ टक्के आणि त्रिज्येच्या दिशेने सुमारे ०.१६ टक्के आकसतो.

हे प्रमाण दिसावयास क्षुल्लक वाटते. १२५ मि.मी. रुंदीची ओकची फळी घेऊ. उन्हाळ्यातील ११ टक्क्यांवरून हिवाळ्यात ६ टक्क्यांवर, म्हणजे ओलावा ५ टक्क्यांनी उतरला. १२५ गुणिले ०.३७ टक्के गुणिले ५ याचे उत्तर २.३ मि.मी. येते. दर दोन फळ्यांमध्ये २.३ मि.मी.ची फट पडली, तर तीत नाणे उभे राहील! तीच फळी त्रिज्येच्या दिशेने कापलेली असेल तर फट १ मि.मी. पडते. फळी ७५ मि.मी. रुंदीची घेतली, तर पहिल्या प्रकारच्या कापातही फट १.४ मि.मी. इतकीच राहते. एकूण आकुंचन नाहीसे होत नाही, परंतु ते अनेक बारीक फटींत वाटले जाते व डोळ्यांना खुपत नाही. उबदार जमिनीसाठी अरुंद आणि त्रिज्येच्या दिशेने कापलेल्या फळ्या घ्याव्यात, या जुन्या सुतारांच्या सांगण्याचा उगम या गणितात आहे. आपल्या परिचयाचे सागवान ओकच्या मानाने सुमारे निम्मेच आकसते. दारे, खिडक्या व जहाजे यांसाठी त्याची जी ख्याती झाली, तिचे हे एक कारण होय.

४. लाकूड आणि लाकडासारखे

अखंड लाकडाच्या या स्वभावामुळे उबदार काँक्रीटसाठी आज बहुधा तीन प्रकारच्या फळ्या वापरल्या जातात.

पहिला प्रकार थरांच्या फळीचा. हिच्यात वरचा थर खऱ्या लाकडाचा असतो आणि खाली प्लायवुडप्रमाणे एकाआड एक दिशा बदलून चिकटविलेले थर असतात. एका थराला ज्या दिशेने आकसावयाचे असते, त्या दिशेने शेजारच्या थराचे धागे जात असल्याने तो त्यास आकसू देत नाही. म्हणून ही फळी अखंड फळीहून पुष्कळच स्थिर राहते.

दुसरा प्रकार लॅमिनेटचा. स्वीडनमधील पेरस्टॉर्प या कंपनीने १९७७ साली ही जमीन प्रथम तयार केली. लाकडाच्या तंतूंचा दाबून केलेला घट्ट पत्रा हा हिचा गाभा. त्यावर लाकडाचे चित्र छापलेला कागद आणि सर्वांत वर रेझिनचा कठीण पारदर्शक थर असतो. पृष्ठभाग लाकडासारखा दिसला तरी ते चित्र असते. गाभा मात्र लाकडाचाच असल्यामुळे ओलाव्याचा नियम त्यालाही चुकत नाही. सांध्यातून पाणी मुरले तर कडा फुगतात.

तिसरा प्रकार व्हिनाइलचा. हे प्लास्टिक असल्यामुळे ओलाव्याने फुगत नाही, पातळ असते आणि उष्णता सुलभतेने वर पाठविते. परंतु तापमानाने ते लाकडाहून व काँक्रीटहून अधिक प्रसरण पावते. सहा मीटर लांबीची व्हिनाइलची जमीन १२° वरून २७° पर्यंत तापली, तर ती सुमारे ६ मि.मी.ने वाढू पाहते. तिच्याखालचे काँक्रीट तेवढ्याच लांबीत जेमतेम १ मि.मी. वाढते. भिंतीशी जागा ठेवली नाही, तर जमीन मध्येच उचलली जाते. गाभ्यात चुनखडीची पूड मिसळलेल्या फळ्यांत हे प्रसरण कमी असते. कोणतीही फळी निवडताना ती उबदार जमिनीसाठी योग्य असल्याचे उत्पादकाने लिहून दिले आहे काय, आणि पृष्ठभागाची कमाल मर्यादा कोणती सांगितली आहे, हे वाचून घ्यावे.

५. काँक्रीटच्या पोटातील पाणी

पुष्कळशा जमिनी उष्णतेने न बिघडता काँक्रीटमधील पाण्याने बिघडतात. एक घनमीटर काँक्रीटमध्ये ३५० किलोग्रॅम सिमेंट व १७५ लिटर पाणी घातले असे मानू. सिमेंटशी होणाऱ्या रासायनिक क्रियेत यांतील जवळजवळ निम्मे पाणी बांधले जाते. उरलेले काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांत राहते. म्हणजे १० सें.मी. जाडीच्या स्लॅबच्या दर चौरस मीटरमध्ये आठ-नऊ लिटर पाणी मोकळे असते. त्यातील बराचसा भाग बाष्परूपाने वर यावा लागतो. साधारणतः दर इंच जाडीस एक महिना असा सुकण्याचा जुना अंदाज आहे. काँक्रीट वरून पांढरे व कोरडे दिसले तरी आत ओल असते. अशा स्लॅबवर फळ्या बसविल्या आणि नळ्यांत गरम पाणी सोडले की बाष्प वर लोटले जाते आणि फळीच्या पोटाशी जमते. फळीचा खालचा भाग फुगतो, वरचा कोरडा राहतो आणि प्रत्येक फळीच्या कडा उचलल्या जाऊन तिला पन्हळीसारखा आकार येतो. हे पाणी अल्कधर्मी असल्यामुळे काही चिकट द्रव्यांचीही पकड त्याने सुटते.

म्हणून फळ्या बसविण्यापूर्वी स्लॅबला एकदा तापवून सुकवितात. युरोपीय मानकानुसार सिमेंटच्या कोब्यास २१ दिवसांच्या आत उष्णता देऊ नये. नंतर २० ते २५° तापमानाचे पाणी निदान तीन दिवस फिरवावे आणि त्यापुढे निदान चार दिवस, आखणीत ठरविलेल्या कमाल तापमानाचे पाणी फिरवावे. या पहिल्या तापवण्याने कोब्याचीही परीक्षा होते. पडावयाच्या चिरा फळ्या बसविण्यापूर्वीच पडतात.

काँक्रीट सुकले की नाही हे डोळ्यांवर न सोडता मोजावे. एका पद्धतीत कोब्याच्या आतला तुकडा काढून त्याची पूड करतात व ती कॅल्शियम कार्बाइडसह पोलादी बाटलीत बंद करतात. पाणी आणि कार्बाइड यांच्या संयोगाने ॲसिटिलीन वायू निर्माण होतो. पाणी जितके अधिक, तितका वायूचा दाब अधिक. दाबमापीवरून ओलाव्याचे प्रमाण कळते. लाकडी जमिनीखालील तापविलेल्या सिमेंटच्या कोब्यासाठी १.८ टक्के ही मर्यादा जर्मनीत रूढ आहे. दुसऱ्या पद्धतीत स्लॅबमध्ये भोक पाडून आत आर्द्रतामापी बसवितात. नळ्या कोठे आहेत हे नक्की ठाऊक असल्यावाचून मात्र भोक पाडू नये!

६. फळ्या बसविण्याचा क्रम

(१) पूर्वतयारी स्लॅब ओतण्यापूर्वीच सुरू होते. जमिनीतील ओल वर येऊ नये म्हणून प्लास्टिकचा जाड कागद आणि उष्णता खाली जाऊ नये म्हणून उष्णतारोधक फलक अंथरावेत. स्लॅबच्या कडेनेही तसाच फलक उभा करावा. नळ्यांत दाब भरून त्या गळत नाहीत हे पाहावे आणि काँक्रीट ओतताना तो दाब कायम ठेवावा. नळीस इजा झाल्यास दाब उतरतो व दोष तेथल्या तेथे सापडतो. नळ्यांच्या मांडणीचे छायाचित्र व मोजमापे घरमालकापाशी जपून ठेवावीत.

(२) स्लॅब सुकल्यावर दोन मीटर लांबीची सरळ पट्टी सर्व दिशांनी फिरवून तो सपाट आहे काय हे पाहावे. पट्टीखाली ३ मि.मी. पेक्षा अधिक फट दिसल्यास उंचवटे घासून व खळगे भरून घ्यावेत. फळीखाली राहिलेली हवेची पोकळी पावलांखाली पोकळ वाजते आणि उष्णतेसही अडविते.

(३) फळ्या उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीपर्यंत त्याच खोलीत ठेवाव्यात. लाकडाच्या फळ्यांचा ओलावा मापकाने तपासावा.

(४) काम सुरू करण्यापूर्वी उष्णता कमी करून स्लॅब १८ ते २०° पर्यंत उतरू द्यावा. तप्त स्लॅबवर चिकट द्रव्य पसरण्यापूर्वीच आळते.

(५) फळ्या सरळ काँक्रीटला चिकटविणे ही उष्णतेच्या दृष्टीने उत्तम रीत होय. द्रव्य लवचीक जातीचे असावे. दातेरी थापीने ते सर्वत्र सारखे पसरावे. फळ्या एकमेकींत अडकवून न चिकटविता अंथरावयाच्या असतील, तर खालचा थर पातळ आणि कमी उष्णतारोधाचा निवडावा. कोरियातील घरांतून आज थरांच्या पातळ फळ्या सरळ कोब्यावर चिकटविण्याची रीत रूढ आहे. जुन्या तेलकागदामागील तत्त्वच तीत पाळले गेले आहे.

(६) भिंतीलगत व खांबांभोवती सुमारे १० मि.मी. जागा मोकळी सोडावी. ती झाकणारी कडपट्टी भिंतीला ठोकावी, जमिनीला ठोकू नये. अन्यथा सोडलेल्या जागेचा उपयोगच होत नाही.

(७) जमिनीत खिळा वा स्क्रू मारू नये. दाराला अडणा बसविणे, कपाट पक्के करणे अशा किरकोळ कामांतच नळी फुटण्याचे प्रसंग येतात. नळीची जागा शोधण्यासाठी उष्णतादर्शी कॅमेरा असतो. तो नसल्यास उघडा स्लॅब ओल्या फडक्याने पुसून तापवावा. नळ्यांवरचे पट्टे आधी सुकतात.

(८) द्रव्य पक्के झाल्यावर उष्णता रोज दोन-तीन अंशांनी वाढवीत न्यावी. प्रत्येक हिवाळ्याच्या आरंभीही असेच करावे.

७. रोजच्या वापरातील काही नियम

काँक्रीटचा स्लॅब मंदगती असतो. १० सें.मी. जाडीच्या एक चौरस मीटर स्लॅबचे वजन सुमारे २३० किलोग्रॅम असते आणि त्याचे तापमान एक अंशाने वाढविण्यास सुमारे २०० किलोज्यूल उष्णता लागते. आठ अंशांसाठी १,६०० किलोज्यूल हवेत. दर चौरस मीटरला १०० वॉट उष्णता दिली व तीतील काहीही वाया गेली नाही, तरी यास साडेचार तासांच्या आसपास वेळ लागेल. थंडी वाजू लागल्यावर कळ फिरवून लगेच ऊब मिळावी, अशी अपेक्षा येथे व्यर्थ आहे. उतावीळपणे पाणी अधिक तापविले, तर खोली उबदार होण्यापूर्वी फळ्यांना झळ पोचते. त्यापेक्षा सौम्य तापमान अखंड ठेवावे. पृष्ठभागाचे तापमान मर्यादेत ठेवणारे नियंत्रक यंत्र जमिनीतच बसविलेले असावे. भिंतीवरील तापमापक खोलीच्या हवेचे तापमान सांगतो, फळीचे सांगत नाही.

जाड गालिचे, जमिनीस टेकलेले पलंग व गाद्या टाळाव्यात. त्यांच्याखाली उष्णता कोंडते आणि तेवढ्याच भागातील फळ्यांचे तापमान मर्यादेपलीकडे जाते. लाकडाची जमीन असल्यास हिवाळ्यात खोलीची आर्द्रता फार खाली जाऊ देऊ नये. थोड्या बारीक फटी पडून त्या उन्हाळ्यात मिटल्या, तर तो दोष न मानता लाकडाचा धर्म मानावा.

८. शाळेत करून पाहण्याजोगे दोन प्रयोग

पहिला प्रयोग : झाकण असलेल्या पसरट पातेल्यात कोमट पाणी घ्यावे, ते हाताला सोसवेल इतकेच गरम असावे. सपाट झाकणावर सारख्या आकाराचे चिनी मातीच्या लादीचा, व्हिनाइलचा, प्लायवुडचा आणि फेसाळ प्लास्टिकचा असे चार तुकडे ठेवावेत. प्रत्येकावर थिजलेल्या खोबरेल तेलाचा सारखा कण ठेवावा. कोणत्या तुकड्यावरचा कण प्रथम वितळतो व कोणत्यावरचा शेवटी, याची घड्याळ लावून नोंद करावी. (हा प्रयोग थंडीच्या दिवसांत, सकाळी करावा.) नंतर प्लायवुडचा तुकडा फेसाळ तुकड्यावर ठेवून पुन्हा पाहावे.

दुसरा प्रयोग : एकाच फळीतून १०० मि.मी. लांबीचे दोन तुकडे कापावेत. एकाची लांबी धाग्यांच्या दिशेने आणि दुसऱ्याची धाग्यांना आडवी असावी. दोन्ही तुकडे आठवडाभर ओल्या फडक्यासह बंद डब्यात, पण फडक्याला स्पर्श न होईल असे, ठेवावेत आणि पुढील आठवडाभर ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलसह दुसऱ्या डब्यात ठेवावेत. दोन्ही वेळी वजन व लांबी मोजावी. आडव्या तुकड्याच्या लांबीत पडलेला फरक साध्या मोजपट्टीनेही दिसेल. उभ्या तुकड्यात तो शोधूनही सापडणार नाही.

समारोप

उबदार काँक्रीटवर लाकडाची जमीन घालता येते काय, या प्रश्नाचे उत्तर होय असे आहे; परंतु त्यास तीन अटी आहेत. आच्छादन असे असावे की उष्णता त्यातून बेताच्या रोधाने वर यावी. काँक्रीट इतके सुकलेले असावे की त्याचे पाणी फळीस बाधू नये. आणि फळीस हलण्यास जागा असावी. कारण ती हलणारच, तिला बांधून ठेवण्याचा प्रयत्न केला तर ती वाकेल किंवा फुटेल. या तिन्ही अटी फळी बसविण्यापूर्वी पाळावयाच्या आहेत. हमामची जमीन घालणाऱ्या कारागिराने दगडाची जाडी आणि पोकळीची उंची विस्तव पेटण्यापूर्वीच ठरविली होती. आजच्या कारागिराच्या हाती आर्द्रतामापी आहे, दाबमापी आहे, गणिताची कोष्टके आहेत. कामाचा क्रम मात्र तोच आहे.